आजोळचे घर विकताना

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. दोन्ही कामांत माणसाची, त्याच्या धीराची आणि नात्यागोत्यांची परीक्षा होते, असा तिचा आशय. महसूल खात्यात बरीच वर्षे काढल्यावर या म्हणीत आणखी एक काम जोडावे असे मला वाटू लागले आहे. घर विकूनही पाहावे. बांधताना भिंती उभ्या करायच्या असतात, विकताना कागद उभे करायचे असतात. आणि कागद उभे करणे हे भिंतींपेक्षा अवघड आहे.

घर विक्रीला काढायचे म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे प्रथम रंगारी येतो. गळके छप्पर, पोपडे धरलेली भिंत, अंगणातले गवत, अडगळीची खोली. ही कामे करावी लागतातच. पण ती दोन-तीन आठवड्यांत उरकतात. खरी तयारी वेगळीच असते. घराच्या कागदांवरची नावे, जमिनीच्या दप्तरातली नावे आणि आज हयात असलेल्या हक्कदारांची नावे ही तिन्ही एका ओळीत आणणे, हे विक्रीचे पहिले काम. ते झाले नाही तर उत्तम रंगवलेले घरही विकले जात नाही, किंवा कोणाचा तरी हक्क बुडवून विकले जाते. दुसरी शक्यता पहिलीपेक्षा वाईट.

हे मी नोकरीत अनेकदा पाहिले होते. २०२३ साली ते स्वतःच्या कुटुंबात करून पाहण्याचा योग आला. माझे आजोळ तमिळनाडूतील तिरुविडैमरुदूर येथे. कुंभकोणमपासून सुमारे नऊ किलोमीटरवर, मयिलाडुदुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे देवळाचे गाव. तेथील घर आम्ही विकले, व्यवहार सुरळीत पार पडला आणि आज कोणाचाही कोणावर दावा नाही. ते कसे घडले हे लिहून ठेवणे इतरांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

मराठी माणसाचे आजोळ इतक्या दूर कसे, असे कोणी विचारेल म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगतो. तंजावरच्या भोसले घराण्याची कहाणी वाचकांना परिचित आहे. १७९८ साली इंग्रज कंपनीने अमरसिंहाला पदच्युत करून सरफोजी दुसरे यांना गादीवर बसवले. अमरसिंह त्यानंतर तिरुविडैमरुदूरला येऊन राहिला आणि १८०२ साली वारला. महालिंगस्वामींचे हे क्षेत्र संस्कृतात मध्यार्जुन म्हणून ओळखले जाते. या मंदिरात अमरसिंहाचा पुत्र प्रतापसिंह याच्याशी विवाह व्हावा म्हणून लक्षदीपांचा नवस करणाऱ्या मराठा राजकुळातील अम्मणीची दीपधारिणी मूर्ती आहे. मूर्तीखाली १८५३ सालचा लेख आहे आणि त्यात तिचे नाव कोरलेले आहे. माझ्या आईचे पूर्वज याच मराठी वस्तीतले. घरात तंजावरी मराठी आणि दाराबाहेर तमिळ, अशी त्यांची दोन शतके गेली.

मालमत्तेच्या कागदांविषयी बोलायचे तर तंजावरच्या राजघराण्याइतका मोठा दाखला दुसरा नाही. १८५५ साली राजा शिवाजी औरस पुत्राविना वारला. कंपनीने राज्याबरोबर राजाची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की ही राज्यसत्तेची कृती आहे आणि तिच्यावर न्यायालयाचा अधिकार चालत नाही. पुढे १८६२ मध्ये सरकारने मेहेरबानी म्हणून ती मालमत्ता राण्यांना परत केली. घर आपले आहे हे आपल्याला माहीत असणे पुरेसे नसते, दप्तरालाही ते माहीत असावे लागते, एवढाच बोध मी येथे घेतो. राण्यांना तो फार मोठी किंमत देऊन मिळाला.

आता आमच्या घराकडे वळू. कावेरीकाठच्या अग्रहारांतली घरे अरुंद आणि लांब असतात. रस्त्यालगत तिण्णै, म्हणजे बसण्याचा ओटा. आत कूडम, म्हणजे मधला मोठा दालनवजा भाग. त्यात साखळ्यांवर टांगलेला ऊंजल, म्हणजे झोपाळा. मध्ये आकाशाला उघडा चौक, त्याला मुट्रम म्हणतात. मागे स्वयंपाकघर, विहीर आणि कोल्लै, म्हणजे परसू. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. आमच्या आजोबांनी हे घर १९३८ साली स्वतःच्या कमाईतून विकत घेतले होते. या घरात माझी मावशी राहत होती. लग्नानंतर पाचच वर्षांत ती विधवा होऊन माहेरी परतली, तिला मूलबाळ नाही. आजीचे आजारपण तिने काढले, अविवाहित धाकट्या मामाची अखेर तिने सांभाळली, दर पावसाळ्यापूर्वी छपरावरची कौले तिने चाळून घेतली. २०२३ साली ती चौऱ्याऐंशी वर्षांची होती आणि एवढे मोठे घर आता तिला झेपत नव्हते. विकावे असे सर्वप्रथम तीच म्हणाली.

मी गेलो तेव्हा पहिल्या दिवशी ट्रंक उघडायला सांगितली. ट्रंकेत जे निघाले ते असे. १९३८ चे नोंदणीकृत खरेदीखत, तमिळमध्ये, आजोबांच्या नावे. नगरपंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या, त्याही आजोबांच्याच नावे. आजोबा १९७१ साली वारले. वीजमीटर धाकट्या मामाच्या नावे. तो १९९३ साली वारला. जमिनीचा पट्टा थोरल्या मामाच्या नावे. ते २००९ साली वारले. म्हणजे एका घराला तीन कागदी मालक, तिघेही मृत. आणि जी व्यक्ती पन्नासहून अधिक वर्षे त्या घरात राहत होती, तिचे नाव कोणत्याही कागदावर नव्हते. ट्रंकेच्या तळाशी मोडीतले तीन कागदही होते, त्यांच्याविषयी पुढे सांगतो.

पट्टा हा शब्द महाराष्ट्रातील वाचकांसाठी समजावून सांगायला हवा. आपल्याकडे शेतीला सात-बारा आणि नगर भूमापन झालेल्या भागात मिळकतपत्रिका असते. तमिळनाडूत महसूल खात्याचा पट्टा असतो. गावठाणाच्या जमिनीला तेथे नत्तम म्हणतात. आमच्या आजोळी या जागांची मोजणी १९९० च्या दशकात झाली. मोजणीच्या दिवशी थोरले मामा घरी होते, म्हणून पट्ट्यावर त्यांचे नाव लागले. यात त्यांची लबाडी नव्हती. पुरुष समोर असला की नाव त्याचे लागते, ही रीत दोन्ही राज्यांत सारखीच आहे. सातारा असो की तंजावर, ओसरीवर जो बसलेला असतो तो मालक, आणि आत चुलीपाशी जी असते ती कुटुंबातील व्यक्ती.

परंतु पट्टा म्हणजे मालकी नव्हे. सात-बाराचीही तीच गोष्ट. महसुली नोंद ही जमीन महसूल कोणाकडून घ्यावा यासाठी असते. तिच्यावरून मालकीचा अंदाज बांधता येतो, मालकी निर्माण होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे इतक्यांदा सांगितले आहे की ते आता पाठ व्हायला हवे. तरीही गावोगावी वाद सुरू होतो तो याच समजातून.

आमच्याकडेही तेच घडले. थोरल्या मामांचा मोठा मुलगा चेन्नईत असतो. व्यवहारात चोख, स्वभावाने सरळ. तो म्हणाला, "पट्टा अप्पांच्या नावे आहे. आई, मी आणि धाकटा अशा तिघांच्या सह्या झाल्या की काम होईल. आत्याकडून एक हक्कसोडपत्र घेऊन ठेवू. तिला आम्ही सांभाळतोच ना." त्याच्या यादीत त्याची सख्खी बहीणही नव्हती. बंगळूरचे दुसरे मामा नव्हते, आणि माझ्या आईच्या पश्चात मी व माझी धाकटी बहीण नव्हतो. आम्हां सर्वांची नावे त्याने जाणूनबुजून गाळली नव्हती; ती त्याच्या मनात आलीच नव्हती.

मी कागद घेऊन हिस्से मांडले. हे गणित प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या घरासाठी करावे म्हणून सविस्तर देतो. घर आजोबांची स्वकष्टार्जित मिळकत. त्यांनी मृत्युपत्र केले नव्हते. ते १९७१ साली वारले, म्हणजे १७ जून १९५६ पासून अमलात असलेला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू. त्याप्रमाणे विधवा पत्नी, तीन मुलगे आणि दोन मुली या सहा जणांना समान हिस्से मिळाले, प्रत्येकी एक षष्ठांश. आजी १९८४ साली वारली, तिचा हिस्सा पाचही मुलांत विभागला गेला. प्रत्येकी एक पंचमांश झाला. १९९३ साली अविवाहित धाकटा मामा वारला. त्याला पत्नी, अपत्य नाही, आई-वडील हयात नाहीत, म्हणून त्याचा हिस्सा हयात असलेल्या चारही भावंडांना सारखा गेला, बहिणींनाही. प्रत्येकाचा एक चतुर्थांश झाला. थोरल्या मामांच्या शाखेत तो पुढे मामी, दोन मुलगे व एक मुलगी यांत वाटला गेला, माझ्या आईच्या शाखेत आम्हा दोघा भावंडांत. एकूण आठ सह्या.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करायला हवा. मुलींना हिस्सा २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, असे सुशिक्षित माणसेही म्हणतात. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल आहे. तमिळनाडूत तशी दुरुस्ती १९८९ सालीच झाली होती, महाराष्ट्रात १९९४ साली. परंतु वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीत, त्यांनी मृत्युपत्र केलेले नसेल तर, मुलीचा मुलाइतकाच हिस्सा १९५६ पासून आहे. अडथळा होता तो एवढाच की राहत्या घराची वाटणी मुलीला स्वतः होऊन मागता येत नसे. भावांनी वाटणी करायचे ठरवले तरच तिला तिचा वाटा वेगळा करून मिळे. ते कलम ९ सप्टेंबर २००५ रोजी रद्द झाले. हक्क आधीपासून होता, तो मागण्याचे दार बंद होते. मावशीच्या बाबतीत बोलायचे तर ती १९७१ पासून त्या घराची मालकीण होती. तिला तसे कोणी सांगितले नव्हते इतकेच.

मी तिला सांगितले तेव्हा ती प्रथम ऐकायलाच तयार नव्हती. "भावांचे घर आहे रे. त्यांनी मला ठेवून घेतले. मी आता हिस्सा कशी मागू?" मी म्हणालो, "मावशी, तू काही मागत नाहीस. जे तुझे आहे त्यावर फक्त सही करायची आहे." ती गप्प राहिली. पुढे दोन दिवस तिने हा विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी झोपाळ्यावर बसल्या बसल्या तिने विचारले, "समजा, मी सोडते म्हटले, तर माझे आहे म्हणूनच सोडता येईल ना?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग आधी माझे असू दे. सोडायचे की नाही ते मी मग बघेन."

हक्कसोडपत्राविषयी माझे मत यापेक्षा नेमक्या शब्दांत मला कधी मांडता आले नव्हते. महाराष्ट्रात बहिणींकडून हक्कसोडपत्र घेण्याची प्रथा किती रुजलेली आहे हे सर्वांना ठाऊक आहे. कित्येक बहिणी खरोखर आनंदाने हक्क सोडतात. त्यात गैर काही नाही. पण आपण नेमके काय, किती किमतीचे सोडत आहोत हे सही करण्यापूर्वी तिला माहीत असले पाहिजे. मामेभावाला मी एवढेच म्हणालो, की आत्याला सांभाळणे हा तुझा चांगुलपणा आहे, चौथा हिस्सा हा तिचा हक्क आहे. एकाच्या बदल्यात दुसरे घेता येत नाही. तो रात्रभर नाराज होता. सकाळी त्याने बहिणीला स्वतः फोन लावला आणि तिला सह्यांसाठी केव्हा येणे जमेल ते विचारले.

नावे ठरल्यावर पुढची कामे सरळ होती, लांब मात्र होती. पाचही मृतांचे मृत्यूचे दाखले, तहसीलदारांकडून वारस दाखले, आणि पट्ट्यावर सर्व हयात वारसांची नावे लावण्याचा अर्ज. नोंदणी खात्याकडून बोजा नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. लोक त्याला विल्लंगम दाखला म्हणतात. साधारण १९७५ नंतरच्या नोंदी संगणकावर दिसतात, त्याआधीच्या नोंदींसाठी हस्तलिखित सूची शोधून घ्यावी लागते. २०२२ पासून तमिळनाडूत असा नियम होता की पूर्वीचे मूळ खरेदीखत हजर केल्याशिवाय नवे नोंदवायचे नाही. ते हरवले असेल तर पोलिसांकडून तसा दाखला आणायचा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये हा नियम रद्द ठरवला. आमच्या वेळी तो लागू होता, आणि मावशीने ८५ वर्षांपूर्वीचे खत कापडात गुंडाळून, कडुलिंबाचा पाला घालून जपले होते, म्हणून आमचे काम अडले नाही.

या भागात आणखी एक प्रश्न सर्वांत आधी विचारावा लागतो. घराखालची जमीन कोणाची? देवळांच्या गावांत पुष्कळदा जमीन देवस्थानची किंवा मठाची असते आणि घर तेवढे राहणाऱ्याचे. तो देवस्थानला जमिनीचे भाडे भरतो. अशी जमीन धर्मादाय खात्याच्या आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही, आणि २०१६ पासून नोंदणी कायद्यातील राज्याच्या दुरुस्तीप्रमाणे तिचे खत नोंदवले जात नाही. आमची जमीन नत्तम होती, तरी तसा निर्वाळा आम्ही लेखी मिळवला. खरेदीदाराच्या बँकेने पहिला कागद तोच मागितला.

मग कोठे घराची डागडुजी. फुटकी कौले बदलली, चौकातला पन्हाळ साफ केला, विहिरीचा गाळ काढला, परसातील झाडोरा तोडला, चुना दिला. पश्चिमेच्या भिंतीला ओल होती. एका दलालाने सुचवले की तेथे चकचकीत फरशा लावा, म्हणजे दिसणार नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे आणि त्यात विक्रेत्याचे पहिले कर्तव्य हेच सांगितले आहे, की खरेदीदाराला सहज न दिसणारा दोष विक्रेत्याला माहीत असेल तर त्याने तो सांगितला पाहिजे. आम्ही भिंत तशीच ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी दाखवली. याचा अनपेक्षित फायदा असा झाला, की आमच्या बाकीच्या बोलण्यावरही लोकांचा विश्वास बसला.

जुन्या लाकडाचा एक व्यापारी येऊन गेला. सागवानी खांब, कोरीव चौकट आणि झोपाळा यांची तो वेगळी किंमत द्यायला तयार होता. घर नंतर कोणालाही विका म्हणाला. तंजावर भागातील कितीतरी घरे अशी सुटी होऊन गेली. मावशीने त्याला विचारले, "खांब तुम्हांला दिले, तर छप्पर कशावर ठेवू?" तो हसून निघून गेला.

विकण्यापूर्वी आठही जणांना मी लेखी विचारले, की तुमच्यापैकी कोणाला हे घर ठेवायचे आहे का. वारसांपैकी कोणी आपला हिस्सा विकू लागला तर इतर वारसांना तो प्रथम घेण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. कोणालाच घ्यायचे नव्हते. परंतु विचारले गेले हे महत्त्वाचे. न विचारल्याची रुखरुख पुढे वीस वर्षे टिकते.

पहिला खरेदीदार मोठी रक्कम देत होता. त्यातले चाळीस टक्के रोख, कागदावर न दाखवता. २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारता येत नाही, हे त्यालाही माहीत होते. कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी व्यवहाराचा मुद्दा उरतोच. रोख रक्कम येते ती घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हातात. तिचे चार भाग कोण करणार आणि म्हातारीच्या वाट्याला काय येणार? कागदावर नसलेल्या पैशात कागदावरच्या बाईचा हिस्सा नसतो. आम्ही नाही म्हटले.

दुसरे खरेदीदार जवळच्याच गल्लीत भाड्याने राहणारे रेशीम विणकरांचे कुटुंब. तिरुविडैमरुदूरच्या शेजारचे तिरुभुवनम रेशमी साड्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्या साड्यांना २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यांना लांब कूडम हवे होते, माग बसवायला आणि ताणा धरायला. किंमत पहिल्यापेक्षा कमी, पण सगळी बँकेतून. येथे नातेवाइकांपैकी एकदोघांनी वेगळाच आक्षेप काढला. अग्रहारातले घर अग्रहाराबाहेरच्या माणसांना कसे द्यायचे? गल्लीतले लोक काय म्हणतील?

मी त्यांना जवळच्याच तिरुविशनल्लूरचे उदाहरण दिले. १६९३ साली तंजावरच्या शहाजीराजांनी ते गाव विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याला शहाजीराजपुरम असे नाव पडले. ज्या विद्येसाठी ती घरे दिली गेली, ती विद्या सांभाळणारे वंशज आज चेन्नईत, मुंबईत आणि अमेरिकेत आहेत, आम्हीही त्यांच्यासारखेच. कुलुपे आपण लावायची आणि पहाऱ्यावर गल्लीला बसवायचे, हे न्यायाचे नव्हे. शिवाय दस्तात खरेदीदाराचे नाव, वय, पत्ता लागतो. जात लागत नाही. मावशीचा निर्णय याहून साधा होता. त्या घरातील सून एका पावसाळ्यात रोज तिला दूध आणून देत असे. "तिला द्या," ती म्हणाली.

तमिळनाडूत २०१२ पासून विक्रीचा करारही नोंदवावा लागतो, तो नोंदवला. त्यात दोन अटी मी घातल्या. एक, रक्कम आठ जणांच्या आठ खात्यांत, ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे थेट जमा व्हावी. दोन, ताबा तैपूसमचा उत्सव झाल्यावर द्यावा. या गावचा तो मोठा उत्सव, आणि मावशीला तो आपल्या ओट्यावरून पाहायचा होता. खरेदीदारांनी दोन्ही मान्य केल्या. न्यू जर्सीतील मामेभावाने भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र करून पाठवले. परदेशात केलेल्या अशा कागदावर तो भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्यावा लागतो, हे पुष्कळांना माहीत नसते. त्याच्या हिश्श्यावर अनिवासी म्हणून खरेदीदाराला कर कापून भरावा लागला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये खत नोंदवले गेले. खरेदीदाराला मुद्रांक शुल्क सात टक्के आणि नोंदणी शुल्क दोन टक्के पडले. ज्यांना चालवत नाही अशांसाठी नोंदणी अधिकाऱ्याने घरी येऊन सही घेण्याची सोय कायद्यात आहे. मी अर्ज तयार ठेवला होता. मावशीने तो बाजूला सारला. ठेवणीतली साडी नेसून ती स्वतः आली, छायाचित्र काढू दिले, बोटांचे ठसे दिले आणि आजोबांनी शिकवल्याप्रमाणे देवनागरीत सावकाश सही केली. त्या घराच्या दस्तात तिचे नाव प्रथमच आले, ते घर तिच्या हातून जाण्याच्या दिवशी. याचे मला वाईट वाटले. तिला वाटलेले दिसले नाही. बँकेच्या पुस्तकातील आकडा तिने दोनदा वाचला आणि पहिला प्रश्न विचारला तो व्याजदराचा.

आज ती कुंभकोणमला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहते. रकमेचा मोठा भाग ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहे. तिची मर्यादा २०२३ मध्ये तीस लाखांपर्यंत वाढली. तीन महिन्यांनी येणाऱ्या व्याजात भाडे, औषधे आणि कामाची बाई यांचा खर्च भागतो. मामेभाऊ पूर्वीसारखाच येतो. पूर्वी पैसे घेऊन येत असे, आता फळे घेऊन येतो. मोडीतले कागद एका अभ्यासकाकडून वाचून घेतले. ते घराचे निघाले नाहीत, एका लग्नाच्या खर्चाची यादी निघाली. त्यांच्या प्रती आठही जणांना दिल्या, मूळ कागद मावशीपाशी आहेत.

वाचकांना उपयोग व्हावा म्हणून क्रम सांगतो. प्रथम वंशावळ लिहा, मृत्यूच्या तारखांसह. मुली, विधवा आणि निपुत्रिक गेलेले यांना वगळू नका. मग खरेदीखत, महसुली नोंद, घरपट्टी आणि वीजबिल यांवरची नावे त्या वंशावळीशी ताडून पाहा. जमीन कोणाची ते लेखी घ्या. सर्व वारसांना विचारा. त्यानंतर छप्पर, त्यानंतर रंग. कराचा हिशेब प्रत्येक वारसाने स्वतंत्र करायचा असतो. जुन्या घरासाठी १ एप्रिल २००१ चे मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून करून ठेवा. २३ जुलै २०२४ पासून नफ्यावरील कराचा दर बदलला आहे. आता महागाईची वजावट न घेता साडेबारा टक्के द्यावे लागतात; त्यापूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला वजावट घेऊन वीस टक्क्यांचा जुना हिशेबही करून पाहता येतो.

प्रशासनालाही एक विनंती. मृत्यूची नोंद एका खात्यात होते आणि मिळकतीची दुसऱ्या. या दोन नोंदींची भेट घडवण्याचे काम आपण वारसांवर सोडले आहे, आणि वारसांमध्ये ते काम जो ओसरीवर बसतो तोच करतो. महाराष्ट्रात शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकांची नावे जमिनीला लावण्याचा आग्रह धरला, तेव्हा अनेक गावांनी ते करून दाखवले. तसाच आग्रह मुलींच्या बाबतीत, मृत्यूची नोंद होतानाच धरता येईल. गावकामगार तलाठी असो की तमिळनाडूचा ग्राम प्रशासन अधिकारी, त्याने वारसांची नावे लिहिताना घरात आणखी कोण कोण आहे, एवढा एक प्रश्न आत डोकावून विचारावा. पुढे आठ सह्या गोळा करणाऱ्याचे निम्मे काम तेथेच होऊन जाईल.